पानांत गुंडाळलेलं पाकीट

विडीची पानं ओल्या गोणपाटात रात्रभर मुरत ठेवतात, तशी मी टपालाची तिकिटं मुरत ठेवायची. ही युक्ती मला कुणी शिकवली नव्हती. माझी मलाच सुचली होती, आणि तिचा मला थोडा गर्वही झाला होता. त्या गर्वाची शिक्षा मी पुढं अडीच महिने भोगली.

निपाणीला आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. पाचवीत शाळा सुटली होती. माझं गाव गोंदियाच्या पलीकडं, जंगलाच्या कडेला. आमच्याकडं उन्हाळ्यात तेंदूची पानं तोडून, पुडे बांधून, वाळवून ट्रकांत भरायची. त्यातलाच एक ट्रक निपाणीला यायचा, त्याच्यावर माझा नवरा क्लीनर होता. इथल्या तंबाखूच्या वखारीत त्याला हमालीचं काम मिळालं, मी घरी त्याच पानांच्या विड्या वळायला लागले आणि आम्ही राहिलो. पानांचा पुडा सोडला की त्यातून माझ्या गावचा वास यायचा. सुरुवातीला मी पुडा सोडायचे आणि तशीच बसून राहायचे.

पहिली खोली दोन महिन्यांत सुटली. ओल्या पानांचं पाणी मालकाच्या भिंतीत मुरलं, एवढं कारण झालं. एका सकाळी भांडी अंगणात आली. चूल गरम होती, तव्यावर भाकरी होती. त्या दिवसापासून माझ्या पोटात एक भीती बसली ती बसलीच. कुणी दार जरा जोरात लोटलं तरी मला वाटायचं, आता भांडी बाहेर.

दुसरी खोली मिळाली ती आप्पा आणि आक्कांच्या मागच्या अंगणात. दोघं जैन, वयानं साठीच्या पुढं. आप्पा एका वखारीत दिवाणजी होते, आता घरीच असायचे. आपसांत कानडीत बोलायचे, माझ्याशी मराठीत. माझी बोली ऐकून आक्का हसायच्या.

"काहून म्हंजे काय गं? का म्हण की."

"आमच्याकडे काहूनच म्हणतात, आक्का."

"असू दे. तुझं काहून, माझं कानडी याक. मधी बिचारं मराठी राहिलंच."

त्याच वर्षी माझं चार महिन्यांचं पोटातलं गेलं. नवरा वखारीत. गाव दोन दिवसांच्या अंतरावर. आक्कांनी दहा दिवस मला पेज पाजली, माझी लुगडी धुतली. मी त्यांच्या जातीची नाही, गावची नाही, भाडंसुद्धा वेळेवर देणारी नाही. त्यांना मी काय देणार होते? म्हणून आप्पांच्या तिकिटांचं काम हाती आलं तेव्हा मी ते दोन्ही हातांनी धरलं.

आप्पांना तिकिटं जमवायचा नाद होता. वखारीत कुठून कुठून पत्रं यायची, त्यांची पाकिटं ते जपून आणायचे. पाकिटाचा कोपरा कापायचा, ताटलीत पाण्यावर सोडायचा, तिकीट सुटलं की चिमट्यानं उचलून वाळत घालायचं. पण त्यांचे हात थरथरायला लागले होते. चिमट्यात धरलेलं तिकीट दोनदा जमिनीवर पडायचं, तिसऱ्यांदा फाटायचं. एकदा त्यांनी सगळी ताटलीच ढकलून दिली. मी दारात सुपात पानं कातरत बसले होते. म्हटलं, "मी काढू का?"

विड्या वळणारीची बोटं म्हणजे काय सांगू. ओलं पान न फाटता गुंडाळायचं, टोक नखानं आत मोडायचं. तिकीट तर त्याहून सोपं. पण ताटलीतल्या पाण्यात लाल-जांभळे रंग उतरायचे, हे मला दिसलं. मग एका संध्याकाळी मी सगळे कोपरे ओल्या पानांच्या मधे ठेवले. पानांचा तपकिरी डाग लागू नये म्हणून वर-खाली आप्पांच्याकडचा पातळ कागद घातला. टाइप करताना कार्बनखाली घालतात तो. वखारीतून आणलेला गठ्ठाच होता त्यांच्याकडं. सकाळी गोणपाट सोडलं. तिकिटं कागदावरून नुसती सरकली. रंग जिथल्या तिथं.

आप्पांनी एकेक तिकीट वाकून बघितलं. मग आक्कांना म्हणाले, "बघ गं, वखारीत एवढं डोकं कुणाला न्हाय."

"व्हय. आता तिला बी येड लागू दे तुमच्यागत," आक्का म्हणाल्या.

वर्षभर माझ्या गोणपाटातून शेकड्यांनी तिकिटं सुटली असतील. त्यांच्या पाठीवर राहिलेला कागद मी चुलीत घालायची. कागदावर कुणाचं तरी नाव, गाव लिहिलेलं असायचं. ते माझ्या लेखी शेंगेचं टरफल. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं यातूनच झालं.

आप्पांचा एकुलता मुलगा आफ्रिकेत सिएरा लिओन नावाच्या देशात गणिताचा मास्तर होता. आठ महिने त्याचं पत्र नव्हतं. तिथं काही गडबड झाल्याचं कुणीतरी वखारीत बोललं होतं. आक्कांनी नेम धरला. पत्र येईपर्यंत गोड खायचं नाही. साखर नाही, गूळ नाही, सणाची पोळी नाही. त्यांच्यात असे नेम धरतात आणि कुणाला सांगत नाहीत. मला कळलं ते त्यांचा चहा एकदा मी चुकून प्यायले म्हणून. कडू काढा.

दिवाळीनंतर पत्र आलं. आक्का अंगणात उभ्या राहूनच ते वाचायला लागल्या, चष्मा न लावता. मुलगा राजधानीतून आत कुठंतरी दुसऱ्या शाळेत गेला होता, मधे तापानं पडला होता, आता बरा होता. गावाचं नाव पत्रात नव्हतं. शेवटी लिहिलं होतं, नवा पत्ता पाकिटाच्या मागं दिलाय. त्या दिवशी मी खीर केली. आक्कांनी पहिला घास तोंडात घालून डोळे मिटले. ते तोंड मी अजून विसरले नाही.

आणि पाकिटावर तिकीट होतं ते तसलं कुणी बघितलं नव्हतं. चौकोनी नाही, कडेला दाते नाहीत. त्या देशाच्या नकाशाच्या आकारात कापलेलं, गुळगुळीत कडांचं. आप्पा लहान मुलासारखे झाले.

"कोपरा कापू नकोस," ते मला म्हणाले. "शिक्का अर्धा तिकिटावर, अर्धा पाकिटावर हाय, दोन्ही वहीत शेजारी-शेजारी लावू. बिघडंल. आख्खं पाकीट ठेव आन् तिकिटाखालीच तेवढी वल दे."

मी तशीच ओल दिली. तिकिटाच्या जागी आतून ओल्या पानाचा तुकडा घातला, रात्रभर ठेवला. सकाळी बघते तर तिकीट हललेलं नाही. नखानं कड उचलायला गेले तर कागदच सालीसारखा वर आला. चहाच्या वाफेवर धरलं. तिकीट आणखीच घट्ट बसलं. माझ्या हातून न सुटलेलं ते पहिलं तिकीट.

तेव्हाच आप्पांकडं जाऊन सांगायला हवं होतं, की हे सुटत नाही. एवढंच. पण माझ्या मनात काय आलं, की माझी बोटं कामाची आहेत म्हणून यांच्या घरात मला जागा आहे. बोटं हरली तर मी कोण? ओल्या पानांनी भिंत खराब करणारी एक भाडेकरीण. आप्पांनी विचारलं, "सुटलं का गं?" मी म्हटलं, "उद्या सुटते, आप्पा."

संध्याकाळी मी आख्खं पाकीट पातळ कागदांत घालून पानांच्या मधोमध ठेवलं. गोणपाट नेहमीपेक्षा जास्त भिजवलं, वर पाटा ठेवला.

सकाळी सोडलं तर पाकीट मऊ भाकरीसारखं झालेलं. तिकीट मात्र जसंच्या तसं, जणू आत्ता लावलंय. मी पाकीट उलटं केलं. मागं जिथं निळ्या शाईची पाच-सहा ओळींची अक्षरं होती, तिथं नुसता निळा ढग होता.

तरीही मला काही कळलं नाही. खरंच नाही. टरफल भिजलं, एवढंच वाटलं. मी वाळवायला दोरीवर घालणार, तेवढ्यात आक्का मागच्या दारात आल्या. बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, जायला निघाल्या होत्या, हातात तांदळाचा डबा.

"पोरी, तिकीट झालं असंल तर ते पाकीट आत ठेव हां. आज जवाब लिहिणार हाय. पत्ता अजून उतरून घेतलाच न्हाय बघ मी. पत्र तेवढं धा येळा वाचलं."

पाकीट मी पदराखाली घेतलं होतं, ते माझ्या पोटाला ओलं लागत होतं.

"अजून सुटलं नाही, आक्का."

"मग ऱ्हाऊ दे. उद्या दे."

त्या बस्तीकडं गेल्या. मी आत येऊन दार लावलं आणि पाकीट मांडीवर घेऊन बसले. पत्रासाठी गोड सोडलेली बाई. एक पत्ता आला, तो मी पुसून टाकला. मुलाला वाटेल, आईनं उत्तर दिलं नाही. तो पुन्हा कधी लिहील? आठ महिन्यांनी? वर्षानं? तोवर आजारी पडला तर? आणि आक्का? त्या पुन्हा नेम धरतील आणि या वेळी पत्र आलंच नाही तर तसाच काढा पीत मरतील. हे सगळं मला एका दमात दिसलं. भांडी अंगणात आलेली दिसली ती त्याच्या नंतर.

पळून जावं असंही मनात आलं. गोंदियाचा ट्रक त्या आठवड्यात येणार होता. पण नवऱ्याला काय सांगू? आणि पळून गेलं तर पत्ता परत येणार होता का?

मी उठले आणि सगळं सुपात घातलं. पाकीट, वरचा पातळ कागद, खालचा पातळ कागद, भोवतीची पानंसुद्धा. का ते माहीत नाही. चोरानं सगळा माल चौकीत नेऊन ठेवावा तसं. आप्पा पुढच्या सोप्यात पेपर वाचत होते. मी सूप त्यांच्यापुढं ठेवलं आणि खाली बसले.

"काय गं? तिकीट फाटलं का? असू दे, तिकीटच हाय."

"तिकीट नाही, आप्पा. पत्ता गेला."

त्यांनी पाकीट उलटं केलं. मी त्यांच्या पायांकडं बघत होते. त्यांनी ओरडावं असं मला वाटत होतं, म्हणजे झालं तरी असतं.

"आक्कानं बघितलं?"

"नाही."

"बस्तीतनं यायला तिला किती येळ लागतोय?"

"अर्धा तास तरी."

"मग रडायला येळ न्हाय. दार लाव."

त्यांनी सुपातली एकेक वस्तू उचलून बघितली. दिवाणजी माणूस, हिशेबाची चूक शोधतात तसे. खालचा पातळ कागद उचलला आणि थांबले. त्यावर निळी निळी किड्यांसारखी चिन्हं उमटली होती. मला वाटलं, डाग. वर ठेवलेल्या पाट्यानं पाकीट कागदावर घट्ट दाबलं गेलं होतं, आणि शाई पुसायच्या आधी थोडी त्या कागदात उतरली होती.

"उलटं हाय," आप्पा म्हणाले. "विडीच्या पुड्यावर छाप मारत्यात, त्या रबरावर अक्षरं कशी असत्यात?"

"उलटी."

"तसंच हे. हा कागद पातळ हाय. खिडकीत धर. पाठीमागनं बघू."

त्यांच्या हातात कागद फाटला असता, म्हणून मी धरला. खिडकीच्या उजेडात माझ्या बाजूनं किडे होते आणि त्यांच्या बाजूनं अक्षरं झाली. ते एकेक शब्द वाचत गेले. मुलाचं नाव लागलं. शाळेचं नाव अर्धंच लागलं. पेटीचा नंबर होता, तिथं टपाल घरी येत नाही, पोस्टात पेटी असते म्हणे. गावाचं नाव मात्र अगदी पाकिटाच्या घडीवर आलं होतं, तिथं नुसता डाग.

"गाव गेलं," आप्पा म्हणाले आणि खाली बसले.

मी कागद धरूनच उभी. मग त्यांनीच पाकीट परत ओढलं, तिकिटावर नाक टेकेपर्यंत वाकले आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज बदलला.

"शिक्का हाय की. शिक्क्याची शाई तेलाची. पाण्याला भीत न्हाय ती."

न सुटलेल्या त्या तिकिटावर अर्धा आणि पाकिटावर अर्धा असा गोल शिक्का होता. त्यात गावाचं नाव होतं, इंग्रजीत दोनच अक्षरांचं. पहिलं दोन पोटांचं, दुसरं शून्यासारखं. तिकीट माझ्या हातानं सुटलं असतं तर शिक्क्याचे दोन तुकडे झाले असते. आप्पांनी तेव्हा कोपरा कापू नको म्हटलं होतं ते बरं झालं, आणि मी हरले तेही.

या तिकिटाचं गुपित मला पंधरा वर्षांनी कळलं. तोवर आम्ही बेळगावला राहायला आलो होतो. तिथं एका शाळेत तिकिटांचं प्रदर्शन भरलं होतं. आप्पांची वही घेऊन मी गेले आणि तिथल्या एका विकणाऱ्याला ते पान दाखवलं. तो हसला. "बाई, ह्याला साधा गोंद न्हाय. पाठीला चिकटपट्टीवानी लेप असतोय. आठ दिस पाण्यात ठेवला तरी सोडणार न्हाय. मागनं पेट्रोलचा थेंब द्यायचा, सुटलं की पावडर लावायची, न्हायतर दिसंल त्याला चिकटतंय. आन् खरं सांगू, सोडवूच नये. कागदासकट ठेवावं."

"कागदासकटच आहे की," मी म्हटलं. आप्पांनी ते तसंच, निळ्या ढगासकट, वहीत लावलं होतं.

पण त्या सकाळी आम्हाला हे काही माहीत नव्हतं. नंबराचा घोळ उरला होता. पहिला आकडा स्पष्ट होता, दुसरा तीन की आठ ते कळेना. मला इंग्रजी आकडे येत नव्हते. आप्पांनी जमिनीवर बोटानं काढून दाखवलं, आठ म्हणजे दोन शून्यं एकावर एक, तीन म्हणजे त्याच शून्यांची डावी बाजू उघडी. कागदावर डावी बाजू होती का नव्हती? कधी होती, कधी नव्हती. जेवढं बघावं तेवढं बदलत होतं.

"दोन पत्रं टाकू," आप्पा म्हणाले. "एक तीनला, एक आठला."

"पत्ता कोण लिहील?"

त्यांनी आपला हात पुढं धरून दाखवला. "ह्यानं लिहिलं तर शेजारच्या चिकोडीला बी जायचं न्हाय. वखारीतल्या कारकुनाला सांगितलं, तर दुपारी वखारीत बातमी आन् सांजच्याला बस्तीत. तूच काढ."

"मला इंग्रजी येत नाही, आप्पा."

"लिहू नको. काढ. रांगोळी काढतीस न्हवं?"

पुढचे दोन दिवस मी चुलीतल्या कोळशानं फरशीवर ती अक्षरं काढली. काढायची, पुसायची. कुणाची चाहूल लागली की वर पोतं टाकायचे. शेवटी आप्पांनी बघून मान हलवली, तेव्हा पाकिटांवर काढली. बोटं घामानं ओली होत होती, म्हणून पुन्हा पुन्हा पदराला पुसत होते. माझा घाम पडून हीही शाई फुटेल अशी धास्ती होती.

आक्कांना आप्पांनी सांगितलं, "पत्ता घेतलाय, पाकीट तयार हाय, तू पत्र दे." आक्कांनी चार पानी पत्र दिलं. दुसऱ्या पाकिटासाठी त्याची नक्कल पाहिजे होती. मराठी मला पाचवीपर्यंतचं येत होतं. आक्का बस्तीत गेल्या की मी त्यांचं पत्र उतरून काढायची. तीन सकाळी लागल्या. दुसऱ्याच्या आईचं पत्र आपल्या हातानं लिहिताना कसं वाटतं, हे मला सांगता येणार नाही. "तुझं पत्र आलं त्या दिवशी मागच्या पोरीनं खीर केली. ती पोर गुणाची आहे. तिला कुणी नाही इथं, मी आहे." हेही मलाच लिहावं लागलं. तिथं माझं अक्षर वाकडं झालं.

"आक्कांना सांगू का?" मी आप्पांना विचारलं.

"तुझं तू बघ. मी सांगणार न्हाय, आन् तू सांगितलंस तर अडवणार बी न्हाय."

मी सांगितलं नाही. दोन्ही पत्रं गेली. त्या दिवशी घरी येऊन मी मनातल्या मनात म्हटलं, उत्तर येईपर्यंत मीही गोड खाणार नाही. हा नेम माझ्या माहेरचा नव्हता, आक्कांचा होता. पण त्यांच्याच मुलासाठी होता, म्हणून त्यांच्या देवानं तो चालवून घ्यावा, एवढंच मागणं होतं.

मग वाट बघणं. पोस्टमन गल्लीत शिरला की मी खोलीत जायची आणि दाराआड उभी राहायची. सायकल पुढं गेली की बरं वाटायचं, आणि लगेच त्याहून वाईट वाटायचं. पत्र परत आलं तर? पत्ता चूक म्हणून शिक्का मारून दोन्ही पाकिटं आक्कांच्या हातात पडली तर? दोन पाकिटं कशी, हे मी काय सांगणार? विड्या बिघडायला लागल्या. कारखान्यात द्यायला गेले तर चेकरनं एका दिवसात शंभर विड्या छाटून बाजूला टाकल्या. "लक्ष कुठं हाय, बाई? नवरा पळाला काय?" बाया हसल्या. मीही हसले.

नवऱ्याला दात दुखतो म्हणून सांगितलं होतं. त्यानं लवंग आणून दिली. आक्का रोज विचारायच्या नाहीत, पण दुपारी चटई टाकून पुढच्या दारात बसायला लागल्या होत्या, पूर्वी बसायच्या नाहीत.

संक्रांत आली. आक्कांनी पहिला तिळगूळ माझ्या हातावर ठेवला. "घे. गोड बोल." मी घेतला आणि पदराच्या गाठीला बांधला.

"खा की."

"नंतर खाते, आक्का. दात..."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग आत गेल्या. दुसऱ्या दिवशी चहा दिला, तोही मी प्यायले नाही, बाजूला ठेवला. त्यांनी विचारलं नाही, कप उचलून नेला. मला वाटलं, सुटले.

शिवरात्रीच्या आसपास एका दुपारी सायकल आमच्या दारात थांबली. मी दाराआड. "आफ्रिका," पोस्टमन म्हणाला. एकच पाकीट होतं, आमचं परत आलेलं नव्हतं, एवढं मला फटीतून दिसलं. मी तिथंच बसले.

"इकडं ये गं," आक्कांनी हाक मारली. "आप्पांच्या हातात कागद ठरत न्हाय. तूच वाच. मला नुसतं ऐकायचं हाय."

त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं. आप्पा सोप्यात होते, पेपर डोळ्यांपुढं धरून. पेपर हलत होता. मी वाचायला लागले. मुलगा बरा होता. शाळा बरी होती. भात मिळतो, भाकरी मिळत नाही. मग पुढच्या पानावर 'दोन पत्रं' अशी अक्षरं दिसली आणि मी थांबले.

"वाच की."

मी वाचलं. वाचण्याशिवाय काही करता येणार नव्हतं. "आई, तुझी दोन पत्रं आली. मजकूर एकच, एक तुझ्या अक्षरात आणि एक दुसऱ्या कुणाच्या. एकावर पेटीचा नंबर बरोबर, एकावर चूक. पण इथल्या पोस्टात मी एकटाच भारतातला मास्तर, त्यामुळं दोन्ही मलाच मिळाली. पोस्टमास्तर विचारत होता, पत्ता लिहिलाय की नक्षी काढलीय? आपल्या घरात कुणाला एवढी काळजी वाटली?"

सोप्यात आप्पांनी पेपर खाली ठेवला. मी पत्र खाली ठेवलं. हात जोडले की नाही आठवत नाही. "आक्का, मी पत्ता पुसला. तिकीट सुटत नव्हतं म्हणून आख्खं पाकीट पानांत ठेवलं. तुम्ही मागितलं तेव्हा खोटं बोलले. खोली सोडायची असली तर आज सोडते."

आक्का उठल्या आणि आत गेल्या. फळीवरचा डबा काढल्याचा आवाज आला. तेवढ्या वेळात मी भांडी मोजली. दोन पातेली, तवा, परात, तांब्या. पानांचा पुडा अर्धा उरला होता, तो नेता आला नसता.

त्या परत आल्या त्या गुळाचा खडा घेऊन.

"तोंड उघड."

मी हात पुढं केला.

"माझ्या पोराच्या पत्रासाठी मी गोड सोडलं, ते समजतंय. तू कशाला सोडलंस? संक्रांतीला तिळगूळ पदरात बांधलास तवाच कळलं, हिच्याकडनं काहीतरी झालंय. काय झालंय ते कळलं न्हाय. इचारलं असतं तर मेली असतीस भिऊन. म्हणून न्हाय इचारलं. उघड तोंड."

गूळ तोंडात गेला. अडीच महिन्यांनी गोड लागत होतं. आक्का माझ्या शेजारीच बसून राहिल्या, खडा विरघळेपर्यंत.

"आता वही आण," त्या म्हणाल्या. "पत्ता आधी उतर. तुझ्याच हातानं. पोस्टमास्तरला नक्षी आवडलीय म्हण."

मी वही आणली. पाकिटावर या वेळी साधी, दात्यांची दोन तिकिटं होती. आप्पांनी ती बघितली, पण सोडवायला कुणी सांगितलं नाही. मी पत्ता काढायला बसले. बोटांना गूळ चिकटला होता, म्हणून आधी हात धुऊन आले.